गोठ्याच्या छपराची कुळकथा

देवळाच्या शिखराचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. त्याच देवळातील नैवेद्याला दूध देणारी गाय ज्या छपराखाली बांधली जाते, त्या छपराची कुळकथा मात्र क्वचितच कोणी सांगितली आहे. ह्याचे कारण उघड आहे. शिखराला शिलालेख असतो, ताम्रपट असतो, निदान एखादी आख्यायिका तरी असते. गोठ्याला ह्यांपैकी काहीच नसते. त्याचे गवत कुजते, कौल फुटते, पत्रा गंजतो आणि मागे काय होते ह्याचा पुढच्या पिढीस मागमूसही राहत नाही. तरीही आम्हांस असे वाटते की, गावच्या माणसांना रानावर व मातीवर कोणते हक्क होते, कोणता कारागीर हाकेच्या अंतरावर होता आणि कोणती वस्तू आगगाडीने दुरून येत होती, हे जाणून घ्यावयाचे असेल तर जुन्या गोठ्यात जाऊन एकवार मान वर करून पाहावे.

ही कथा आम्ही पांढुर्णा व सौसर ह्या मुलखाच्या आधारे सांगणार आहो. किनाऱ्यावरील आमच्या काही वाचकांस ही नावे अपरिचित असतील. नागपूरहून उत्तरेकडे निघाले म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी हा प्रदेश लागतो. देवगडचे गोंड राजे, त्यांच्यामागून नागपूरकर भोसले आणि १८५३ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रज, असे तीन अंमल त्याने पाहिले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, त्यात तो गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातील हा मराठी टापू मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून येथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा व्यवहार चालत आला आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात समाविष्ट झाले.

बाहेरच्या जगास पांढुर्णा ठाऊक असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. त्या दगडफेकीची वर्णने वर्तमानपत्रांत दरसाल छापून येतात. परंतु आदल्या दिवशी ज्याच्या शिंगांना बेगड लागते व ज्याच्यापुढे पुरणपोळीचे ताट येते, तो बैल वर्षाचे उरलेले दिवस कोठे काढतो, ह्याची विचारपूस वर्तमानपत्र करीत नाही. वर्धा, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा पांढऱ्या, चपळ अशा गवळाऊ गुरांचा मूळ प्रदेश. उन्हाळ्यात येथला पारा चाळीशी सहज ओलांडतो आणि पावसाळ्यात पाऊस सातपुड्यावरून झोडपत खाली उतरतो. अशा ठिकाणी गोठ्यावरील छप्पर ही गुरांच्या आरोग्याची, म्हणजेच घराच्या अर्थकारणाची, बाब होय.

आता प्रश्न असा की, आजोबांच्या वेळचा गोठा उभा आहे, सागाचे खांब शाबूत आहेत, परंतु छप्पर मात्र थकले आहे. त्यावर नवे काय घालावे? वैशाख लागला की हा प्रश्न घरोघर निघतो. चर्चा बहुधा भावापासून सुरू होते व भावापाशीच संपते. आमच्या मते भाव हा ह्या चर्चेतील शेवटचा मुद्दा असावा. का, ते कळण्यासाठी एकामागून एक आलेली छपरे पाहू.

पहिले छप्पर गवताचे. चार खांब, वर आढे, दोन्ही बाजूंस उतरणारे वासे, त्यांवर बांबूच्या कांबी आणि गवताच्या पेंढ्यांचा जाड थर; तीन बाजूंस तुराट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. उन्हाळ्यात ह्यासारखी गार जागा नाही. दोष तीन: आगीचे भय, वाळवी आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा शाकारण्याचा व्याप. परंतु ह्या छपरास रोख पैसा जवळजवळ लागत नसे. का लागत नसे, ह्याचे उत्तर ‘निस्तार’ ह्या एका शब्दात आहे.

हा मध्य प्रांताच्या महसुली भाषेतील शब्द. किनाऱ्यावरील वाचकांसाठी त्याचा थोडा उलगडा करणे अवश्य आहे. निस्तार म्हणजे गावकऱ्याची नित्याची गरज आणि ती भागविण्यासाठी गावच्या रानावर, कुरणावर व मातीवर असलेला त्याचा रिवाजी हक्क. गोमंतकातील वाचकांस येथे आपल्या गावकरी संस्थेच्या सामायिक जमिनीची आठवण होईल. दोन्ही व्यवस्था एक नव्हेत, पण गाव म्हणजे खातेदारांची केवळ बेरीज नव्हे, ही समजूत दोहोंच्या मुळाशी आहे. १८६०च्या दशकातील बंदोबस्तात सरकारने मालगुजारांस गावांची मालकी दिली. तरी घराला लाकूड, छपराला गवत, चुलीला सरपण आणि भिंतीला माती ह्यांवरील रयतेचा रिवाज सरकारला पुसून टाकता आला नाही. हे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदले गेले. गवताचे छप्पर अशा रीतीने एका नोंदलेल्या हक्कावर उभे होते.

दुसरे छप्पर कवेलूंचे. कोकणीत ज्यास ‘नळे’ म्हणतात, त्याच कुळातील ही देशी अर्धगोल कौले. आमच्याकडे त्यांस कवेलू म्हणतात. कुंभार चाकावर एका टोकास निमुळती होत जाणारी नळी घडवी, ती उभी चिरून दोन भाग करी, वाळवी व भट्टीत भाजी. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी, अशी रचना. उताण्या ओळीतून पाणी वाहे आणि पालथी ओळ सांधा झाकी. खिळा नाही, चुना नाही. केवळ वजनावर आणि रचनेवर सारे टिकून राही.

ह्या छपराचा खरा गुण असा की, ते श्वास घेते. कौलांच्या फटींतून आतली ऊब वर निघून जाते. संध्याकाळी माशा-डासांसाठी केलेला धूरही त्याच वाटेने जातो. भाजलेली माती उशिरा तापते व हवा खेळती राहते. दोष असा की, वानरांची एक टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कवेलू फुटलेच, आणि दरसाल मृगापूर्वी छप्पर उतरवून, झाडून, फुटकी कौले बदलून पुन्हा रचावे लागे. ही शाकारणी करणारा हात गावात होता, फुटलेल्याच्या जागी नवे देणारा कुंभार गावात होता आणि कुंभाराला माती व भट्टीला सरपण निस्तारातून मिळत होते. ह्या तिहींपैकी एक जरी निखळले तरी कवेलूंचे छप्पर फार दिवस टिकत नाही. कवेलू नाहीसे होण्याचे कारण त्यातील दोषात शोधू नये, ह्या साखळीत शोधावे.

तिसरे छप्पर मंगळुरी कौलांचे, आणि येथे किनाऱ्यावरील वाचकांचा आमच्या गोठ्याशी थेट संबंध येतो. फ्रान्समधील आल्सास प्रांतातील गिलार्डोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकून बसणाऱ्या सपाट कौलाचे एकस्व मिळविले. स्वित्झर्लंडमधील बाझेल मिशन १८३४ साली मंगळुरास आले होते. धर्मांतर केल्यामुळे जातीच्या धंद्यास व आप्तांच्या आधारास मुकलेल्या लोकांना पोटाचे साधन हवे, म्हणून त्या मिशनने विणकाम वगैरे उद्योग काढले. १८६५ साली मंगळुराजवळ जेप्पू येथे गेओर्ग प्लेब्स्ट ह्यांनी अशाच अडकत्या जातीच्या कौलांचा कारखाना घातला. नेत्रावती व गुरुपूर ह्या नद्यांच्या काठची चिकणमाती त्यास उपयोगी पडली. पुढे त्या नद्यांच्या काठी इतरांचेही कारखाने निघाले आणि ‘मंगळुरी’ हे गावाचे विशेषण कौलाच्या जातीचे नाव बनले.

मिशनने नवख्रिस्त्यांच्या पोटासाठी काढलेल्या धंद्यातील ही वस्तू थोड्याच काळात कारवार-गोव्याच्या घरांवर, देवळांच्या अग्रशाळांवर व धर्मशाळांवर चढली, ह्याचा विषाद मानण्याचे कारण नाही. पाऊस अडविणाऱ्या वस्तूची कुळी पाहण्याचा आग्रह आपल्या पूर्वजांनी धरला नाही, ह्यात त्यांचे व्यवहारज्ञान दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात पांढुर्णा व सौसर ह्या दोन्ही बाजूंस आगगाडी आली, तेव्हा दूरची कौले आतल्या मुलखातही येऊ लागली. सरकारी बंगले, स्थानके, शाळा आणि मागाहून श्रीमंतांचे वाडे व गोठे अशा क्रमाने ती उतरली.

मंगळुरी कौल देशी कौलाहून सरस आहे ते दोन बाबतींत: ते अडकून बसते म्हणून दरसाल रचावे लागत नाही आणि एकेरी थराने भागते. १०० चौरस फुटांना सुमारे १५० कौले लागतात; त्यांचे वजन साडेतीनशे ते चारशे किलोंच्या घरात जाते. परंतु देशी कवेलू वाकड्यातिकड्या वाशांवरही सुखाने नांदते. मंगळुरी कौलास सरळ वासे, सारख्या अंतरावर ठोकलेल्या रिपा आणि पुरेसा उतार लागतो. म्हणजे कुंभाराचे काम कमी झाले ते सुताराकडे गेले, आणि गावच्या मातीची जागा दुकानातील मालाने घेतली.

चौथे छप्पर पन्हळी पत्र्याचे. लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर ह्या स्थापत्यविशारदाने १८२९ साली लोखंडी पत्र्यास पन्हळी पाडण्याचे एकस्व घेतले. पातळ कागदास घड्या घातल्या म्हणजे तो जसा ताठ उभा राहतो, तसाच हा पत्रा पन्हळींमुळे ताठ होतो, युक्ती एवढीच. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल ह्या फ्रेंच गृहस्थाने लोखंडास जस्ताचा मुलामा देण्याची कृती सिद्ध केली आणि गंजाचा प्रश्न बराचसा मिटला. आमच्याकडे ह्या पत्र्यास ‘टिन’ म्हणतात. वस्तुतः त्यात कथील मुळीच नसते, लोखंड आणि जस्त एवढेच असते.

पत्र्याची निंदा करणे सोपे आहे. त्याचा उपकार मान्य करणे अधिक न्याय्य होईल. १०० चौरस फुटांना त्याचे वजन अवघे पन्नास-साठ किलो भरते, त्यामुळे बारीक लाकडावर भागते. वानरे तो फोडू शकत नाहीत. शाकारणी नाही, गळती थोडी, आणि गरज पडल्यास काढून विकता येतो. ज्या विधवेच्या घरी छपरावर चढणारा पुरुष उरला नाही, तिने गोठ्यावर टिन घातले तर तिला कोणी दोष देऊ नये. परंतु गुरांच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. दुपारी पत्रा तापून त्याची आच खाली उतरते. म्हशीचे काळे कातडे व अपुरा घाम, आणि संकरित गाईची उष्णतेविषयीची असहिष्णुता ह्यांमुळे दूध आटते. शिवाय कोंदट गोठ्यात गोमूत्रापासून निघणारी नवसागरी वाफ जस्ताचा मुलामा खाते, म्हणून धान्याच्या कोठारावर जो पत्रा दीर्घकाळ टिकतो तो गोठ्यावर लवकर सडतो. वळवाच्या वादळात नीट न बांधलेला पत्रा उडून कोणास इजा करील, ही भीती वेगळीच.

पाचवे छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे, आणि ह्याविषयी मात्र आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक ह्यांनी १९०१च्या सुमारास सिमेंटमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पातळ पत्रे करण्याची कृती शोधून काढली. आपल्या देशात असा कारखाना १९३४ साली आजच्या मध्य प्रदेशातीलच कैमोर येथे निघाला. हा पत्रा गंजत नाही, टिनापेक्षा कमी तापतो आणि स्वस्त पडतो, म्हणून गोठ्यांवर त्याचा फार प्रसार झाला. पुढे असे निष्पन्न झाले की, अॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले म्हणजे तेथेच रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनंतरही फुप्फुसाचे व त्याच्या आवरणाचे असाध्य रोग उत्पन्न करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरविले आहेत. युरोपीय संघात २००५पासून त्याच्या वापरास बंदी आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय आला. २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर ह्या संस्थेच्या अर्जावर निर्णय देताना न्यायालयाने कामगाराचा आरोग्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, आणि अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, ह्यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी असे फर्मावले. २०११ साली संपूर्ण बंदीची मागणी मात्र त्याच न्यायालयाने मान्य केली नाही. कायद्याने मना केलेली नाही एवढ्यावरून वस्तू निर्धोक ठरत नाही, हे वकिलीच्या व्यवसायात आम्ही नित्य पाहत आलो आहो. ज्यांच्या गोठ्यावर असा पत्रा आधीच आहे व तो अखंड आहे, त्यांनी घाबरून तो फोडू नये. त्यास भोके पाडू नयेत, कापू नये, घासून धुऊ नये. काढावयाचाच असेल तर तोंडावर योग्य आच्छादन घेऊन, पाण्याने भिजवून, अखंड उतरवावा आणि त्याचे तुकडे अंगणात भरीसाठी टाकू नयेत. नवे छप्पर म्हणून मात्र त्याची निवड करू नये.

आता पुन्हा निस्ताराकडे वळू. १९५०च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१पासून मालगुजारांची राने व पडीत जमिनी सरकारात निहित झाल्या. जुलूम गेला हे इष्टच झाले. गावकऱ्यांच्या हक्कांसाठी १९५९च्या भू-राजस्व संहितेत जागा ठेवण्यात आली: २३४व्या कलमान्वये प्रत्येक गावचे ‘निस्तार पत्रक’ व्हावयाचे असते, आणि २३५व्या कलमात चराईबरोबरच लाकूड, सरपण, मुरूम, वाळू, माती व दगड घेण्याच्या अटी त्यात याव्यात असे म्हटले आहे, २४२व्या कलमात वाजिब-उल-अर्ज आहेच. कागदावर कुंभाराची माती अशी सुरक्षित आहे. परंतु जो हक्क कोणी वापरीत नाही तो कागदावरच राहतो. सागाचे लाकूड हलवावयाचे तर परवाना लागतो, भट्टीचे सरपण महाग झाले, कुंभाराचा मुलगा दुसऱ्या धंद्यास लागला आणि मातीची खाणही कोणाच्या ध्यानात राहिली नाही. अशा स्थितीत एक वर्षी गावातील चार गोठ्यांवर टिन चढले म्हणजे पाचव्याच्या कवेलूंसाठी भट्टी पेटविणे कुंभारास परवडत नाही. एका घरचा निर्णय दुसऱ्या घरचा पर्याय हिरावून घेतो, तो असा.

कायद्याचीच आणखी एक बाब छपराशी निगडित आहे, ती वळचणीच्या पाण्याची. १८८२चा सुविधाधिकारांचा कायदा प्रथम ज्या थोड्या प्रांतांत लागू झाला त्यांत मद्रास व कूर्ग ह्यांच्याबरोबर आमचा मध्य प्रांतही होता. त्याच्या १५व्या कलमाप्रमाणे २० वर्षांच्या अखंड व निर्वेध उपभोगाने असा हक्क दृढ होतो. शेजाऱ्याच्या जमिनीत आपल्या वळचणीचे पाणी पडू देण्याचा हक्कही त्यात येतो. परंतु २३व्या कलमाखाली खुद्द कायद्यानेच उदाहरण दिले आहे की, असा हक्क असणाऱ्याने वळचण पुढे वाढवून शेजाऱ्यावर अधिक भार टाकता कामा नये. कवेलूंवरून पाणी ओघळते. पत्र्याच्या पन्हळींतून ते धारेने व अधिक लांब फेकले जाते, आणि पत्रा हातभर पुढे काढण्याचा मोह तर प्रत्येकास होतो. दोन भावांच्या वाटणीतील गोठ्यांमध्ये अशा हातभर पत्र्यापायी वर्षानुवर्षे दावे चालू शकतात. त्यापेक्षा पन्हळ लावून पाणी आपल्याच हद्दीत उतरविणे स्वस्त पडते.

तर मग निवड कशी करावी? आम्ही चार प्रश्न सुचवितो. जुने लाकूड किती भार पेलील? छपराखाली कोण राहणार, गुरे की कडबा? मोडतोड झाल्यास दुरुस्त करणारा हात किती कोसांवर आहे? आणि पाणी कोणाच्या जमिनीत पडणार? ह्या चारांची उत्तरे मिळाली म्हणजे पाचवा प्रश्न, भावाचा, पुष्कळसा आपोआप सुटतो.

लाकूड शाबूत आहे, गुरे बांधावयाची आहेत आणि पंचक्रोशीत कुंभार अद्याप चाक फिरवीत आहे, तर कवेलूच ठेवावेत. मोडकळीस आलेल्या शेजारच्या घरांवरील जुने कवेलू विकत घेऊन साठा करावा. लाकूड शाबूत आहे पण कुंभार नाही, तर मंगळुरी कौले घालावीत. देशी कवेलूंचा भार वाहिलेल्या लाकडास ती जड जाऊ नयेत, फक्त वासे सरळ करून रिपा सुताराकडून सुमारे साडेबारा इंचांच्या अंतरावर नव्याने ठोकून घ्याव्यात. लाकूडच गेले असेल तर पत्र्याशिवाय गत्यंतर नाही. परंतु तो घालताना छप्पर दोन-तीन फूट उंच घ्यावे, आढ्यापाशी हवेला वाट ठेवावी, खाली तुराट्यांचा किंवा बांबूचा ताटवा बांधावा आणि चैत्रात वरून चुन्याची सफेती द्यावी. बंगळूरच्या प्लायवुड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांपासून पन्हळी पत्रे करण्याची कृती विकसित केली आहे. सातपुड्यासारख्या बांबूच्या मुलखात तिचा विचार होणे योग्य ठरेल.

देवस्थानांच्या विश्वस्तांस एक विनंती करून हा लेख आवरता घेऊ. पुष्कळ देवस्थानांच्या गोशाळा आहेत, आणि त्यांवर दात्यांच्या देणगीतून छपरे चढत असतात. देणगी येते तेव्हा दात्याचे नाव रंगविण्यास पत्रा सोयीचा वाटतो, ह्याची आम्हांस कल्पना आहे. परंतु एका कुटुंबास जे परवडत नाही ते संस्थेस परवडते: ती एकाच वेळी दहा हजार कवेलूंची मागणी करू शकते, कुंभारास आगाऊ रक्कम देऊ शकते आणि गावाच्या निस्तार पत्रकात मातीची खाण नोंदलेली आहे की नाही हे तहसिलीत जाऊन पाहू शकते. एका भट्टीची मागणी पक्की झाली की आजूबाजूच्या पाच-पंचवीस गोठ्यांनाही कवेलू मिळू लागतील. वसुबारसेला गाईच्या कपाळी कुंकू लावण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने एकदा भर दुपारी, वैशाखात, तिच्या छपराखाली अर्धा तास उभे राहावे आणि मग ठराव करावा.